वॉल्डनकांठची झोंपडी



रानांत जाऊन स्वतःच्या हातांनीं झोंपडी बांधावी आणि तेथें निवांत राहावें, असें शहरांतल्या माणसाला अधूनमधून वाटतेंच. अशा वेळीं हटकून ज्याचें नांव निघतें तो अमेरिकन लेखक म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. त्याचा १८५४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘वॉल्डन’ हा ग्रंथ दुर्गाबाई भागवतांनीं मराठींतहि आणला आहे. मात्र त्याची झोंपडी केवळ रानांतून उभी राहिली, ही समजूत खरी नाहीं. आणि तें आपणांस खुद्द थोरोच सांगतो.

मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्ड हें त्याचें गांव. १८४५ च्या मार्चअखेरीस, वॉल्डन तळ्यावरचा बर्फ पुरता वितळलाहि नव्हता तेव्हां, सत्तावीस वर्षांचा थोरो उसनी कुऱ्हाड घेऊन तळ्याकांठच्या झाडींत शिरला. जागा त्याचे स्नेही इमर्सन यांच्या मालकीची. सरळ वाढलेले कोवळे पाइन तोडून त्यानें मुख्य लांकडें सहा इंच चौरस तासलीं. बहुतेक खांब दोनच बाजूंनीं तासले, छपराचे वासे तर एकाच बाजूनें. बाकीची साल तशीच राहूं दिली. असें लांकूड करवतीनें कापलेल्या लांकडाइतकेंच सरळ आणि त्याहून बळकट असतें, असा त्याचा दावा. एके दिवशीं कुऱ्हाडीचें पातें दांड्यावरून निसटलें. त्यानें ओल्या लांकडाची पाचर दगडानें ठोकून बसविली आणि ती फुगावी म्हणून सबंध कुऱ्हाड पाण्यांत भिजत घातली. आपल्याकडील कोणताहि सुतार ही युक्ति ओळखील.

एप्रिलच्या मध्यास सांगाडा तयार झाला. पण भिंतींना फळ्या कोठून आणावयाच्या? तळ्याजवळून नवा लोहमार्ग गेला होता. १८४४ सालींच आगगाडी काँकॉर्डला पोंचली होती. त्या मार्गावर काम करणारा जेम्स कॉलिन्स नांवाचा आयरिश मजूर एका खोपटांत सहकुटुंब राहत असे. तें खोपट थोरोनें ४ डॉलर २५ सेंटला विकत घेतलें. ठरलें असें कीं, पैसे त्याच रात्रीं द्यावयाचे आणि कॉलिन्सनें दुसऱ्या दिवशीं पहांटे पांचाला घर सोडावयाचें. सहा वाजतां तें कुटुंब थोरोला रस्त्यांत भेटलें. बिछाना, कॉफीची चक्की, आरसा, कोंबड्या, सारा संसार एका गांठोड्यांत! मांजरी तेवढी मागें राहिली. ती रानांत पळाली, रानटी झाली आणि पुढें सापळ्यांत सांपडून मेली. मांजरीचें काय झालें हें थोरो सांगतो. माणसांचें सांगत नाहीं. या ठिकाणीं माझें वाचन दर वेळीं अडखळतें.

त्याच सकाळीं त्यानें खोपट मोडलें, खिळे उपसले आणि वांकलेल्या फळ्या सरळ व्हाव्यात म्हणून तळ्याकांठच्या गवतावर उन्हांत पसरल्या. तो गाडी घेऊन गेला कीं, सीली नांवाचा शेजारी चांगले खिळे हळूच खिशांत टाकी! मे महिन्यांत मित्रांच्या मदतीनें सांगाडा उभा राहिला आणि ४ जुलैला थोरो राहावयास गेला. घर दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. धुराड्याच्या पायासाठीं दोन गाड्या भरतील इतके दगड त्यानें तळ्यापासून हातांनीं वर वाहून आणले. धुराडें मात्र थंडीच्या तोंडावर बांधलें. तोंवर स्वयंपाक उघड्यावरच.

एकूण खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. त्यांत हजार जुन्या विटांचे ४ डॉलर, दोन जुन्या खिडक्यांचे २ डॉलर ४३ सेंट आणि खडूचा १ सेंटसुद्धां मांडलेला आहे. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला त्या काळीं खोलीचें वर्षाचें भाडेंच ३० डॉलर पडे. हिशेब चोख खरा. पण त्यांत फळ्यांची किंमत आहे, पहांटे निघालेल्या त्या बिऱ्हाडाची नाहीं. तथापि हा प्रसंग त्यानें दडवून ठेवला नाहीं, हें त्याच्या प्रामाणिकपणाचें लक्षण मानिलें पाहिजे.

सप्टेंबर १८४७ मध्यें थोरोनें झोंपडी सोडली. ती प्रथम इमर्सनच्या माळ्याकडे गेली. मग एका शेतावर हलवून तींत धान्य सांठवूं लागले. १८६८ सालीं ती मोडली आणि तिचें छप्पर डुकरांच्या खोपटावर चढलें. कॉलिन्सच्या फळ्यांचा प्रवास असा आणखी एकदां सुरू झाला. मूळ जागा कोणती, याविषयीं पुढें वाद माजले. अखेर १९४५ सालीं रोलंड रॉबिन्स यानें तेथें खणून पाहिलें, तेव्हां मातीखालीं धुराड्याच्या पायाचे दगड लागले. थोरोनें हातांनीं वाहून आणलेले तेच.