समुद्रदेवाचं झुडूप आणि मेलेला घोडा

मंडळी, हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. आहे ती कयाधू, पावसाळा सरला की रोडावणारी. तरीही तिथे घरोघरी एका ग्रीक समुद्रदेवाचा नावबंधू उभा दिसतो. कोण? आपली कण्हेर! औंढा नागनाथच्या या जिल्ह्यात शंकराला कण्हेर वाहणं काही नवीन नाही.

हिचं शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर, लिनियसने १७५३ साली पक्कं केलेलं. पण मूळ शब्द ‘नेरियॉन’ बराच जुना. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडिस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथात तो आहे. काहीजण त्याचा संबंध नेरेउसशी जोडतात. हा समुद्रातला म्हातारा देव, पन्नास जलकन्यांचा बाप. हर्क्युलसने धरला तेव्हा पठ्ठ्याने भराभर रूपं बदलली, पण सुटला नाही, आणि शेवटी खरं काय ते सांगितलं. दुसरं मत असं की ‘नेरॉस’ म्हणजे ओला, आणि हे झुडूप तिकडे ओढ्याकाठी वाढतं, म्हणून ते नाव. मला हे जास्त पटतं.

आता खरी गंमत. कुत्री, गाढवं, खेचरं ही पानं-फुलं खाऊन मरतात, असं डायोस्कोरिडिसने लिहून ठेवलंय. म्हणजे धोका ग्रीकांनाही ठाऊक होता, फक्त तो ग्रंथात राहिला. आपल्या लोकांनी तो थेट नावातच घातला. अमरकोशात कण्हेरीला ‘हयमारक’ म्हटलंय, घोडा मारणारी! आमच्या भाषेत सांगायचं तर वॉर्निंग कॉमेंटमध्ये नाही, व्हेरिएबलच्या नावातच. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, घोडदळासकट. तिथे या नावाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नसता.

पान, फूल, साल, मूळ, सगळ्यातच विष. त्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर काम करतं. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही वेगळी वनस्पती, पण विषारी तीही. आणि हायवेच्या दुभाजकावर कण्हेर टिकते ती याचमुळे: पाणी कमी लागतं आणि गुरं तोंड लावत नाहीत.

आज नर्सरीत ती मिळते ‘बारमाही फुलणारी, कमी देखभालीची’ म्हणून. घोडा त्या नावातून केव्हाच पळाला. सोसायटीच्या बागेत खुशाल लावा, पण लहान मुलं खेळतात त्या कोपऱ्यात नको. आणि शेजारी पाटी लावणार असाल तर तिच्यावर जुनं संस्कृत नाव लिहा, अर्थासकट.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.