उतारवय आणि झोपेचे औषध

आयुर्वेदाने आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. यांपैकी निद्रेचा स्तंभ उतारवयात अनेकांचा डळमळू लागतो आणि मग उशाशी झोपेची गोळी येते. बऱ्हाणपूर व परिसरातील आमच्या ज्येष्ठ भाविकांस आणि त्यांच्या कुटुंबीयांस उपयोगी पडावी म्हणून या विषयाची माहिती येथे सादर करीत आहोत.

झोपेत होणारा बदल

वय वाढते तशी गाढ झोप कमी होते, रात्री जाग अधिक वेळा येते आणि पहाटे लवकर डोळा उघडतो. हा बदल बहुतांशी स्वाभाविक आहे. दुपारी दोन तास झोपून रात्री पुन्हा आठ तासांची अपेक्षा धरल्यास निराशा होणारच.

औषध शरीरात का रेंगाळते?

उतारवयात शरीरातील पाण्याचा अंश घटतो व चरबीचे प्रमाण वाढते. डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधे तेथे साठून राहतात. यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो, मूत्रपिंडांची क्षमताही उतरते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास विशीतील व्यक्तीस सुमारे २० तास, तर ऐंशीतील व्यक्तीस सुमारे ९० तास लागतात. म्हणजे आजची गोळी उतरण्यापूर्वीच उद्याची तिच्यावर चढते.

लोराझेपामसारख्या काही औषधांचा निचरा वयामुळे तितकासा मंदावत नाही. तरीही ती निर्धोक ठरत नाहीत; कारण वृद्धांचा मेंदूच अशा औषधांस अधिक संवेदनशील झालेला असतो. झोल्पिडेमची नेहमीची मात्रा प्रौढांस १० मिलिग्रॅमपर्यंत असली, तरी वृद्धांसाठी ती ५ मिलिग्रॅम सांगितली जाते, ती याच कारणांनी. तात्पर्य, चाळिशीत सोसलेली गोळी सत्तरीत तीच राहत नाही.

परिणाम

रात्री लघुशंकेस उठताना तोल जाणे, पडून खुब्याचे हाड मोडणे, सकाळी गुंगी राहणे, विसराळूपणा व संभ्रम हे मुख्य धोके होत. रात्री उशिरा घेतलेल्या गोळीचा अंमल पहाटेपर्यंत टिकू शकतो. अशा स्थितीत काकड आरतीस अंधारात निघणे अथवा तापीच्या राजघाटाच्या ओल्या पायऱ्या उतरणे जिवावर बेतू शकते. घरच्यांनी हा विसराळूपणा 'वयाचाच' म्हणून सोडून देऊ नये. त्याचे मूळ गोळीतही असू शकते.

अमेरिकेतील वृद्धचिकित्सा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अद्ययावत केलेल्या 'बीअर्स' यादीत डायझेपाम, अल्प्राझोलाम यांच्या वर्गातील औषधे व झोल्पिडेम वृद्धांमध्ये शक्यतो टाळावीत, असे म्हटले आहे. झोप यावी म्हणून सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेणेही योग्य नव्हे. तिने लघवी अडणे, बद्धकोष्ठ व भ्रम संभवतात. मद्य किंवा तीव्र वेदनाशामकांसोबत झोपेची गोळी घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते.

काय करावे?

१. चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये. दीर्घकाळ घेतलेले औषध अचानक सोडल्यास निद्रानाश बळावतो, अस्वस्थता वाढते, प्रसंगी झटकेही येतात. मात्रा वैद्यकीय सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच उतरवावी.

२. रक्तदाब, मधुमेह, वेदना आदींच्या सर्व औषधांची पाकिटे डॉक्टरांस एकत्र दाखवावीत व मात्रेचा फेरविचार करण्याची विनंती करावी. मोठ्याने घोरणे असल्यास तेही सांगावे.

३. शेजाऱ्याची अथवा मुलाची गोळी घेऊ नये. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 'एच-१' अनुसूचीत असून, चिठ्ठीवाचून ती देण्यास मनाई आहे आणि विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास ठेवावी लागते.

४. उठण्याची वेळ ठरलेली असावी, सकाळच्या उन्हात फिरावे, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी, सायंकाळनंतर चहा टाळावा आणि शौचालयाच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रा व अतिजागरण दोन्ही वर्ज्य सांगून मिताचाराचा मार्ग दाखविला आहे. औषधाच्या बाबतीतही तोच मार्ग धरावा आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या उशाशी कोणती गोळी आहे, हे आजच प्रेमाने विचारावे, असे आमचे सर्व भाविकांस व न्यासाच्या सदस्यांस नम्र आवाहन आहे.

— सचिव