साम त्सुंग सेइ तक
'साम त्सुंग सेइ तक' हा स्त्रीकडून अपेक्षित असलेल्या पारंपरिक आचारधर्माचा निर्देश करणारा चिनी वाक्प्रचार असून येथे त्याचा कॅन्टोनीज उच्चार दिला आहे. 'तीन अनुसरणे, चार गुण' असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. विवाहापूर्वी पित्याचे, विवाहानंतर पतीचे व वैधव्यात पुत्राचे अनुसरण ही तीन अनुसरणे. तर शील, वाणी, रूप व गृहकर्म हे चार गुण होत. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही पिता, पती व पुत्र असाच क्रम आढळतो.

उगम

वाक्प्रचार एकसंध वाटला, तरी त्याचे दोन भाग दोन प्राचीन ग्रंथांतून आले आहेत. तीन अनुसरणांचा उल्लेख 'यी ली' या विधिग्रंथात शोकवस्त्रांच्या प्रकरणात येतो. विवाहित कन्येने पित्यासाठी एकच वर्ष शोक का पाळावा, याचे स्पष्टीकरण देताना तेथे असे मांडले आहे की, सर्वोच्च श्रेणीचा शोक तिने दोघांसाठी पाळावयाचा नसतो. विवाहानंतर तो पतीसाठी राखला जातो. शोकाची श्रेणी ठरविणारे हे सूत्र पुढे स्त्रीच्या संपूर्ण आयुष्याचा नियम बनले. चार गुण 'चौ ली' या ग्रंथात राजवाड्यातील स्त्रियांच्या शिक्षणाचे विषय म्हणून येतात. हान काळातील विदुषी पान चाओ हिने 'न्यू च्ये' या उपदेशपर ग्रंथात त्यांचे विवरण केले. वाणी चतुर किंवा रूप अलौकिक असण्याची गरज नाही, संयम व स्वच्छता पुरेशी, असे तिचे मत होते. मुलांप्रमाणे मुलींनाही शिकवावे, असा आग्रह तिने त्याच ग्रंथात धरला आहे. मात्र तिच्या नावाने आज्ञाधारकपणा सांगणाऱ्यांना त्याचा सहसा विसर पडतो.

कॅन्टोनीज प्रदेशातील स्थिती

पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात, विशेषतः शुन्तक परिसरात, रेशीम उद्योगामुळे एकोणिसाव्या शतकात स्त्रियांना स्वतःची मिळकत लाभली. त्यांपैकी काहींनी आजन्म अविवाहित राहण्याची शपथ विधिपूर्वक घेतली. विवाहप्रसंगी वधूचे केस दुसऱ्याने विंचरून बांधण्याची प्रथा होती. या स्त्रिया ते स्वतः बांधत, म्हणून त्यांना 'स्वतः केस विंचरणाऱ्या स्त्रिया' असे नाव पडले. पती नाही, पुत्रही नाही. त्यामुळे तीनपैकी दोन अनुसरणे त्यांना लागूच पडत नसत. रेशमाचा व्यापार मंदावल्यावर अनेकजणी घरकामासाठी हाँगकाँग व सिंगापूर येथे गेल्या. हाँगकाँगमध्ये चिनी रूढीनुसार उपपत्नी करण्याची मुभा १९७१ मध्ये कायद्याने संपुष्टात आली.

सध्याचा वापर

आज हा शब्दप्रयोग बहुधा उपरोधाने होतो. 'तक' या उच्चाराचा 'गुण' याखेरीज 'जमणे' असाही अर्थ होतो. या श्लेषावर पतींसाठी विनोदी आवृत्ती प्रचलित आहे: पत्नी बाहेर निघाली की सोबत जावे, तिची आज्ञा पाळावी, ती चुकली तरी मान डोलवावी, तिची वाट पाहणे, वाढदिवस लक्षात ठेवणे, बोलणी सोसणे व तिच्यासाठी पैसे सोडणे जमले पाहिजे.