जुन्या गाडीचे नवे टायर

मोटारीचा इतिहास सांगणारे लोक इंजिनापासून सुरुवात करतात. रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेलं असतं ते मात्र रबर. तेही किती? एका चाकाखाली जेमतेम तळहाताएवढं. चार तळहातांवर सगळा संसार घाटातून खाली उतरत असतो. तरीही जुनी गाडी घेताना माणूस बॉनेट उघडून पाहतो, रंग पाहतो, मीटर पाहतो आणि टायरला बुटाची एक लाथ मारून पुढे जातो.

पिंपरी-चिंचवडचं औद्योगिक वय आता सत्तरच्या पुढे गेलं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाजची स्कूटर आली, १९६६ साली टेल्को पुण्यात आली. त्याच वर्षी एआरएआय ही वाहनांची संशोधन संस्था पुण्यात स्थापन झाली, आणि वर्षभराने, १९६७ मध्ये, भोसरीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्स्पोर्ट. नाशिक रस्त्याने जाताना या संस्थेची पाटी हजारो लोक रोज पाहतात. आत टायरच्याही चाचण्या होतात हे फार थोड्यांना माहीत असतं. दापोडीला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. एस.टी.ने टायरच्या पुनर्वापराचा, म्हणजे रिट्रेडिंगचा, स्वतःचा पसारा उभा केला. सार्वजनिक सेवेला टायर हा खर्चाचा केवढा मोठा भाग असतो, हे तिने फार लवकर ओळखलं होतं.

या पट्ट्यातला कामगार आधी सायकलवर आला, मग स्कूटरवर. मोटार त्याच्या घरी आली ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताने, आणि बऱ्याच घरांत ती फियाट होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. तिच्या टायरचा आकार होता ५.२०-१४. दुकानात ‘पाच-वीस चौदा’ म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नसे. टायर ‘नायलॉन’चा असे. कंपनीच्या पुस्तकात त्याला ‘क्रॉस-प्लाय’ म्हणत, पण तो शब्द रस्त्यावर कधी आलाच नाही.

हा नायलॉन टायर कसा असतो? बाजेची वीण डोळ्यांसमोर आणा. दोरे तिरके जातात, एकावर एक फुली मारत जातात. टायरची भिंत आणि तळ एकाच विणीचे असल्याने भिंत वाकली की तळही हलतो, घासतो, तापतो. टायर मजबूत, दगडगोट्याला न जुमानणारा. पण वेग वाढला की उष्णता धरणारा. थंडीच्या दिवसांत रात्रभर उभी राहिलेली फियाट सकाळी पहिला किलोमीटरभर धडधड करत जायची, हे अनेक श्रोत्यांना आठवत असेल. ज्या भागावर गाडी उभी असे, तो भाग नायलॉनच्या गुणाने चपटा होई आणि टायर गरम झाला की पुन्हा गोल होई. त्या धडधडीला लोक सस्पेन्शनचा दोष समजत आणि मेकॅनिकला बिचाऱ्याला विनाकारण गाडीखाली झोपवत.

रेडियल टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो, लाकडी पिंपाला लोखंडी कडं असतं तसा. भिंत लवचिक, तळ घट्ट. फ्रान्सच्या मिशलॅंने याचं पेटंट १९४६ साली घेतलं आणि १९४९ मध्ये टायर बाजारात आणला. आपल्याकडे जे. के. टायरने रेडियल आणला तो १९७७ साली. त्यानंतरही तो घरोघरी पोहोचायला पंधरा-वीस वर्षं गेली. टायर महाग, रस्ते वाईट, आणि गाड्यांची सस्पेन्शन नायलॉनच्या हिशेबाने बनवलेली. शिवाय रेडियलची भिंत हवा पुरेशी असतानाही थोडी फुगलेली दिसते. नायलॉनला सरावलेली नजर म्हणे, ‘हवा कमी आहे’, आणि पंपावरचा पोऱ्या भरभरून हवा मारून देई. मग टायर मधोमध झिजे आणि दोष रेडियलला जाई.

मुंबई आणि टायर यांचं नातं पुण्याआधीचं. अमेरिकेच्या फायरस्टोनने स्वातंत्र्यापूर्वीच शिवडीला कारखाना काढला होता. पुढे त्याचं नाव बॉम्बे टायर इंटरनॅशनल झालं. या नावाचा १९८३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अबकारी कराच्या वकिलांना आजही पाठ असतो. इटलीच्या तुरिनहून आलेल्या सिएटने १९५८ मध्ये भांडुपला बस्तान बसवलं. जपानच्या ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये फायरस्टोन विकत घेतली आणि २०१३ साली स्वतःचा कारखाना काढला तो चाकणला. म्हणजे शिवडीचं जुनं गोत्र फिरून सह्याद्री ओलांडून घाटावर आलं म्हणायचं. फोक्सवॅगन २००९ मध्ये चाकणला आली होती, पाठोपाठ महिंद्रा. गाडी आणि तिचा टायर एकाच तालुक्यात तयार होऊ लागले.

दरम्यान रस्ता बदलला होता, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट तीच. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, सिमेंट काँक्रीटचा. त्याआधी जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढताना ट्रकच्या मागे रांगेत तीस-चाळीसच्या वेगाने जावं लागे. त्या वेगात म्हातारा टायरही निभावून नेई. द्रुतगती मार्गावर तीच गाडी, तोच टायर, आणि काटा शंभरवर. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात वाकतो, वाकण्याने तापतो, तापल्याने रबर आणि पट्टा यांची पकड सुटते. मग बातमी येते, ‘टायर फुटल्याने नियंत्रण सुटून’. जणू टायर ही विजेसारखी आभाळातून पडणारी गोष्ट. त्या टायरमध्ये महिनाभर हवा कोणी तपासली नव्हती, त्याचं वय किती होतं, गाडीत किती माणसं आणि टपावर किती सामान होतं, हे बातमीत येत नाही. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर २०२३ मध्ये परिवहन खात्याने झिजलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरच अडवायला सुरुवात केली, ती याच अनुभवातून.

कायदा तसा स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पण जुन्या गाडीची अडचण वेगळीच असते. ती फार चालतच नाही. सोसायटीच्या आवारात आठवडाभर उन्हात उभी, रविवारी देहूला किंवा आळंदीला, वर्षातून एकदा गणपतीला कोकणात. तिच्या टायरच्या खाचा शाबूत दिसतात आणि रबर मात्र वाळून कडक झालेलं असतं. भिंतीवर बारीक भेगा दिसतात, उन्हाळ्यात वाळलेल्या तळ्याच्या तळासारख्या. असा टायर झिजून मरत नाही, वयाने मरतो.

वय टायरवरच लिहिलेलं असतं. भिंतीवर लंबगोल चौकटीत शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवीन टायर घेताना हे आकडे वाकून वाचावेत, दुकानदार हसला तरी. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी ठेवू नये. यात एक हिशेब लोकांना खुपतो, तो खोटा नाही. साठ-सत्तर हजारांच्या गाडीला दहा-बारा हजारांचे टायर? पण गाडी स्वस्त झाली म्हणून आत बसणारी माणसं स्वस्त झालेली नसतात. त्या हिशेबातूनच गुळगुळीत टायरला नव्या खाचा कोरून, काळा रंग फासून विकण्याचा धंदा चालतो. तिथून टायर घेण्यापेक्षा गाडी महिनाभर उभी ठेवलेली बरी.

आकाराबद्दल. मारुती ८०० च्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं असतं: रुंदी १४५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के, रिम १२ इंचांची. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच; जगात अशी खिचडी दुसरीकडे क्वचितच सापडेल. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पिंपरीत जन्मलेल्या इंडिकाचं २०१८ मध्ये. नव्या गाड्यांची चाकं मोठी होत गेली, तसे बारा इंची टायर दुकानाच्या मागच्या फळीवर गेले. मूळ आकार मिळत असेल तर तोच घ्यावा. नाहीच मिळाला, तर टायरची एकूण उंची जुळते का ते पाहावं. १४५/७० ची उंची साधारण ५०८ मिलिमीटर भरते, १५५/६५ ची ५०६. हा फरक नगण्य. १५५/७० ची मात्र ५२२. म्हणजे मीटर ऐंशी दाखवील तेव्हा गाडी ब्याऐंशीच्या पुढे असेल. टायर रिमच्या रुंदीवर बसतो का आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कमानीला घासतो का, हेही बघावं लागतं. आकारानंतरचे ‘६९ एस’सारखे आकडे-अक्षरं भार आणि वेग सांगतात: एका टायरवर ३२५ किलो, आणि ताशी १८० किलोमीटर. मूळपेक्षा कमी भाराचा टायर कधीही घेऊ नये. वेगाच्या अक्षराचा या गाड्यांना एरवी प्रश्न येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं आय.एस.आय. चिन्ह २००९ च्या आदेशाने टायरला सक्तीचं झालं. ते पाहायला दोन सेकंद लागतात.

ट्यूबलेसचा मोह जुन्या गाडीवाल्यांना हमखास होतो. या पट्ट्यात तर तो समजण्यासारखा आहे, भोसरी एम.आय.डी.सी.च्या गल्ल्यांतून लोखंडी चिप्स आणि नट-बोल्ट वेचत जाणारा टायर आठवड्याला पंक्चरवाल्याकडे पोहोचतो, आणि ट्यूबलेसमधली हवा खिळा रुतला तरी हळू जाते. परंतु जुन्या रिमच्या आत टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो, शिवाय रिम गंजलेली, ठोकून सरळ केलेली असते. तिथे ट्यूब घालणंच शहाणपणाचं. आणि नायट्रोजन? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ज्याला दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, हवा तपासायची सवय आहे त्याला त्याची गरज नाही. ज्याला नाही, त्याला नायट्रोजन वाचवणार नाही.

चारऐवजी दोनच टायर परवडत असतील तर ते कुठे बसवायचे, यावर आमच्याकडचे बहुतेक मेकॅनिक ठामपणे ‘पुढे’ म्हणतात. स्टिअरिंग पुढे, मारुती आणि इंडिकाचं इंजिनही पुढच्या चाकांना ओढतं, म्हणून नवे टायर पुढे. तर्क सरळ वाटतो आणि तरी चुकीचा आहे. पावसात पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. चालकाला ते हाताला कळतं आणि वेग कमी करता येतो. मागची घसरली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून नवे टायर मागे. झिजलेले पुढे आणले तरी तेही धडधाकट हवेत, हे ओघानेच आलं. एका अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल तर कधीच बसवू नये.

राहिली स्टेपनी. हा शब्द आपल्याला इतका आपला वाटतो की तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, यावर विश्वास बसत नाही. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला काढलं. तिकडे त्याचं नाव लोक विसरले, आपण ठेवलं. चार टायर बदलताना स्टेपनीकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण तिला डिकीत गालिच्याखाली झोपवलेली असते. जुन्या गाडीत ती बहुधा कारखान्यातून आलेलीच निघते, खाचा कोऱ्या करकरीत. तिच्यावरची तारीख चार आकड्यांऐवजी तीनच आकड्यांची असेल, तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे.