न लावलेला बावटा

मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाचा विषय निघाला की कुणीतरी सोन्याची वीट काढतंच. छप्पर फोडून घरात पडलेली! गोष्ट खरी आहे. पण मला छळतो तो एक लाल बावटा. जो लावलाच नव्हता.

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, वर कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दोन नंबरच्या होल्डमध्ये तर दोन्ही एकत्रच. स्फोटकांच्या जहाजाने लाल बावटा लावायचा आणि माल बाहेर समुद्रात पडावांत उतरवायचा, अशी रीत होती. युद्धाच्या घाईत दोन्ही राहिलं.

दुपारी धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले. जहाज जागीच बुडवावं की बाहेर न्यावं, यावर साहेबलोकांचं एकमत होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण बळी शेकडो.

गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा तर १९३४ मध्येच झाला होता, पण लागू झाला १९४८ मध्ये. (त्याने हा स्फोट टळला असता असं नव्हे. तो माल चढवता-उतरवताना होणाऱ्या अपघातांसाठी होता. पण चौदा वर्षं?)

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो या जवानांच्या आठवणीत. शेजारच्या जहाजांवर मात्र, आपल्या बाजूला काय उभं आहे, हे सांगणारी कुठलीच खूण नव्हती.