कापसाच्या गासड्या आणि आमच्या हापिसाचा जिना

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर आमच्या हापिसात फायर ड्रिल होतं. भोंगा वाजतो, लोक कुरकुरत सात मजले उतरतात, खाली हजेरी देतात आणि टपरीवर चहा मारून परत येतात. या वेळी सिक्युरिटीच्या काकांना सहज विचारलं, "काका, हे नेहमी एप्रिलातच का हो?"

"साहेब, गोदीचा स्फोट झाला होता ना! त्याच्या आठवणीत."

१४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मग काय, अख्खा शनिवार त्यातच गेला.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं मालवाहू जहाज इंग्लंडहून निघून, कराची करून दोनच दिवसांपूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, शिवाय सोन्याच्या विटा. कराचीला त्यात भर पडली ती कापसाच्या ८७०० गासड्या, वंगणाचं तेल, लाकूड आणि भंगाराची. दोन नंबरच्या कप्प्यात तर खाली कापूस आणि त्याच्या डोक्यावर दारूगोळा!

यातलं धोकादायक काय, असं विचारलं तर आपण सगळे 'दारूगोळा' म्हणू. पण तो बिचारा सात आठवडे गुमान पडून होता. चौकशी समितीच्या मते आग सुरू झाली ती बहुधा कापसात.

शाळेतला आगीचा त्रिकोण आठवतोय? जळण, उष्णता आणि हवा. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, त्यामुळे एखादी ठिणगी पडली तरी गासडी आतल्या आत धुमसत राहते. ज्वाळा दिसतच नाहीत, नुसता धूर. आणि वरून कितीही पाणी ओता, घट्ट दाबलेल्या गासडीच्या आत ते सहजी पोचत नाही.

तिथे नेमकं हेच झालं. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं, पण धुरात आगीचं मूळच सापडेना. उलट ते पाणीच उकळायला लागलं. ३:५० ला जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४:०६ ला पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. १७०० किलोमीटरवरच्या सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा उमटला. सोन्याची एक वीट दीडेक किलोमीटरवरच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली. मृतांचे आकडे ८०० ते १३०० असे वेगवेगळे दिले जातात. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते. आग विझवायला गेलेले, परत न आलेले.

चौकशी समितीने दाखवलेल्या चुका वाचताना मला आमच्या प्रोजेक्टच्या मीटिंगाच आठवल्या. कापूस दारूगोळ्याखाली ठेवला. धोक्याचा लाल बावटा लावला नाही. स्फोटकं उतरवायला उशीर केला. कप्प्यात वाफ सोडून हवा कोंडायची सोय वापरली नाही. अग्निशमन दलाला वेळेवर कळवलं नाही. यातली एकही चूक फार मोठी वाटत नाही. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी 'बघू नंतर' म्हटलं असणार.

आता आमच्या हापिसात बॉम्ब नाहीत, मान्य. पण जळण? खोक्यांचा पुठ्ठा, थर्माकोल, रद्दी, पडदे, गालिचा, खुर्च्यांमधला फोम. उष्णतेला एकाला एक जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड आहेतच. एसी हवा पुरवतोय. त्रिकोण कधीचा तयार आहे.

आणि सातव्या मजल्यावर, जिन्याच्या दारामागे, नव्या मॉनिटरांची अकरा रिकामी खोकी. वॉरंटी संपेपर्यंत असू देत, म्हणून ठेवलेली. ठेवणारा कोण? अस्मादिक! ड्रिलच्या दिवशी सगळा मजला त्या खोक्यांना वळसा घालून, एकामागे एक असा उतरला होता. त्यावर विनोदही झाले, आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो. दिवे होते आणि धूर नव्हता, म्हणून हसता आलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत खोकी खाली नेली. चार खेपा झाल्या. काकांनी रद्दीवाल्याला फोन लावला आणि म्हणाले, "साहेब, पाचव्या मजल्यावर पण आहेत."

असो. उद्या तिकडे जातोय. तुमच्या जिन्यात काय ठेवलंय, तेवढं एकदा बघून या.