डाव किती, हिशोब कधी?

पत्त्यांचा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न अपुरा आहे. डाव किती, कोणाविरुद्ध आणि हिशोब कधी, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तरच नाही.

वनपर्वातला नल घ्या. आपल्या विदर्भाचा जावई. पुष्कराशी तो कित्येक महिने द्यूत खेळला आणि राज्य हरला. पुढे ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने सांगितली. त्याच्याकडून नल अक्षविद्या शिकला, परतला, आणि एकच डाव मागून सर्वस्व जिंकला. पण एका डावाने विद्या सिद्ध होते का? एक डाव तर अडाणीही जिंकतो. जाणत्याने खरं म्हणजे लांब खेळ मागावा!

आता उलट बाजू बघा. समजा, प्रत्येक डावात तुमची जिंकण्याची शक्यता ४९ टक्के आहे आणि १०० रुपयांचे २०० करायचे आहेत. सगळे एकदम लावलेत तर शक्यता ४९ टक्केच. पण पाच-पाच रुपये लावत, २०० किंवा शून्य होईपर्यंत बसलात, तर ती ३१ टक्क्यांवर येते. खेळ तोच. फक्त डाव वाढले, आणि नशिबाची जागा कॅसिनोच्या फायद्याने घेतली.

ब्लॅकजॅकमध्ये १९५६ साली अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी हिशोबाने उत्तम खेळी मांडली. १९६२ मध्ये एडवर्ड थॉर्प यांनी पत्ते मोजून कॅसिनोवर मात कशी करायची, ते पुस्तकात लिहिलं. ही सगळी लांब खेळाची विद्या.

स्पर्धेत मात्र सगळं बदलतं. प्रत्येकाला सारख्याच चिप्स, ठरावीक डाव, आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त तो पुढे. पत्ते डीलरच वाटतो, पण खरा प्रतिस्पर्धी शेजारी बसलेला असतो. डाव थोडे, म्हणून नशीब वाढतं. पण नवं कौशल्यही येतं. शेवटच्या डावात जो सर्वांत शेवटी पैसे लावतो, त्याला इतरांचे आकडे दिसतात. पुढे असणारा मागच्याइतकेच लावून आपली आघाडी सांभाळतो. मागे असणाऱ्याला पुस्तकातली शहाणी खेळी सोडून धोका पत्करावाच लागतो. काही प्रकारांत तर मधेमधे शेवटच्याला बाद करतात. तिथे ही घाई आधीच सुरू होते.

कायद्याने काय केलं? १९६८ च्या सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची आणि तीन पत्ती निव्वळ नशिबाची मानली. म्हणजे खेळाचं नाव पाहिलं. पण रमीचा एक डाव आणि रमीचे शंभर डाव, हे एकच आहेत का? महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनो कायदा केला, तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. इथे कोनजवळ, पनवेलपासून जो महामार्ग सुरू होतो, त्याच्या वाटेवरच्या गोव्याने मात्र १९९२ आणि १९९६ च्या दुरुस्त्यांनी पंचतारांकित हॉटेलं आणि जहाजांवर परवानगी दिली. २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना कौशल्य की नशीब, हा भेदच बाजूला ठेवला.

बंदी योग्य की अयोग्य, ते तुम्ही ठरवा. पण कुणी ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ म्हणालं, तर एवढं जरूर विचारा: किती डावांत? आणि हे डाव ठरवले कोणी? कारण ठरवणारा बहुधा स्वतः खेळत नसतो. त्याला प्रत्येक टेबलामागे आपला वाटा मिळतोच.